उत्तरा नक्षत्र लागलं, सोयाबीन काढणीला आलं – परतीचा पाऊस यंदा कसा राहील?

शिवारवाट (औसा) – १८ सप्टेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. काल मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आन तसाच रानात गेलो. आठ एकर सोयाबीन हाय, जेएस ३३५, पेरणी १६ जूनची. पानं पिवळी पडून गळायलीत. शेंगा खालून तांबूस झाल्यात पण शेंड्याच्या अजून हिरव्याच. मघा पार कोरड्या गेल्या, ऑगस्टात शेंगा भरायच्या टायमाला वीस दिवस थेंब नव्हता. पूर्वात दोन पाऊस बरे झाले म्हणून दाणा तरी धरला. आता रोज दुपारी दोनला उगवतीकडून आभाळ गोळा व्हायलंय, जीव गुदमरतो असा उकाडा, चारला गडगडतंय, कधी पडतंय कधी नुसतंच भेव घालून जातंय.

व्हॉट्सॲपवर एक जण म्हणतो यंदा ऑक्टोबर कोरडा, दुसरा म्हणतो हत्ती (हस्त नक्षत्र) धुऊन काढणार. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. सोयाबीन आता लगेच कापू का आठ दिवस थांबू? आणि पुढं रब्बीचं काय धरून चालू, हरभरा का ज्वारी? विहिरीला पाणी हाय पण उन्हाळ्याला पुरंल असं वाटत नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई) – १८ सप्टेंबर, रात्री १०:०५

आमचे आजोबा म्हणायचे, पडेल हत्ती तर पडतील भिंती. हस्त २७ ला लागतंय. तुमच्याकडं आठ-नऊ दिवस हायत भाऊ. मजूर आजच सांगून ठेवा, नंतर पैसे देऊनबी मिळत नाहीत.

तेरणाकाठ (धाराशिव) – १८ सप्टेंबर, रात्री १०:३२

कापणं सोपं हाय, कापल्यानंतरचं अवघड. २०२० चं सांगतो. त्या साली आम्ही वेळेत कापलं, बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) लावली, वर ताडपत्री टाकली आणि निवांत झालो. १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन (कमी दाबाचं जोरदार क्षेत्र) काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं, १४ ला ते आमच्या डोक्यावर. रात्रभर पाऊस. सकाळी गेलो तर बनीम जागेवर नाही, शंभर फुटावर बाभळीला अडकलेली. ताडपत्री वरून कोरडी ठणठणीत होती, पाणी खालून शिरलं. बनीम मी रानातल्या सखल कोपऱ्यात लावली होती, कारण तिथून मळणी यंत्राला रस्ता जवळ होता. तेवढ्या एका गोष्टीपायी ११ क्विंटल माल काळा पडला.

तवापासून बनीम फक्त माळावर. खाली दगड, त्यावर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), मग सोयाबीन, आणि चारी बाजूनं नांगराची एक सरी मारून चर. शिवारवाट, कापायच्या आधी बनीमीची जागा ठरव.

गोदातीर (पैठण) – १९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आमच्याकडं आभाळ दोन असतात असं म्हणतो आम्ही. एक डोक्यावरचं आन एक नाशिकचं. इकडं थेंब नसला तरी गंगापूर-दारणा भरून नांदूर मधमेश्वरातून पाणी सुटलं की नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, चढतो. आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती पाणी आहे याच्यावर पुढचं सगळं भांडण ठरतं, कारण पाणीवाटपाच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात ६५ टक्क्यांच्या आत साठा असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असा हिशोब होता. २०२३ ला तसंच झालं, नोव्हेंबरात पाणी सोडायची वेळ आली. त्यामुळे परतीचा पाऊस म्हणलं की आमच्या इकडची माणसं आधी धरणाचा आकडा विचारतात आन मग आभाळाकडं बघतात.

शिवारवाटचा प्रश्न वेगळा आहे, माहीत आहे. पण "यंदा पाऊस कसा" या एका प्रश्नाची मराठवाड्यात गावोगाव वेगळी उत्तरं असतात, म्हणून लिहिलं.

आभाळवही (परभणी) – १९ सप्टेंबर, सकाळी ९:५०

जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, परतीचा मान्सून म्हणजे काय ते. नव्या तारखांप्रमाणे पश्चिम राजस्थानातून माघारीची सरासरी तारीख १७ सप्टेंबर, आधी ती १ सप्टेंबर धरायचे. हवामान खातं नुसता पाऊस थांबला म्हणून माघार जाहीर करत नाही. तिकडं सलग पाच दिवस पाऊस नको, खालच्या थरात वाऱ्याचं चक्र उलटं फिरायला पाहिजे आणि हवेतली वाफ कमी झालेली उपग्रहाच्या चित्रात दिसली पाहिजे. आपल्याकडून मान्सून जायला साधारण ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे राजस्थानातून निघाल्याची बातमी आली म्हणून आपल्याकडं उघडीप झाली असं होत नाही, उलट खरे खेळ त्याच पंधरा-वीस दिवसांत होतात.

दुसरी, दुपारचं हे गडगडणं. ढग विरळ झाल्यामुळं ऊन जमिनीवर थेट पडतंय, जमिनीत ओल आहे, हवेत वाफ आहे आणि वरचा वारा आता पश्चिमेचा राहिला नाही, पूर्वेचा व्हायलाय. म्हणून तुम्हाला आभाळ उगवतीकडून येताना दिसतं. असले ढग दुपारी उभे वाढतात, तासाभरात रिकामे होतात. बांधाच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं धूळ, ते यामुळंच. हा पाऊस कुठल्या गावात पडणार ते आठवडाभर आधी कुणीच सांगू शकत नाही.

तिसरी, बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं. मोठा दणका देतात ती हीच. २०२१ ला गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांत त्याचा उरलेला भाग मराठवाड्यावर आला, मांजरा-तेरणा-गोदावरी सगळ्या एकदमच फुगल्या. असलं क्षेत्र समुद्रात तयार झाल्यापासून आपल्यापर्यंत यायला तीन-चार दिवस लागतात. हे तीन-चार दिवस म्हणजे तुमच्या हातातली खरी सूचना आहे. ज्यानं त्या टायमाला पूर्वेकडं लक्ष ठेवलं त्याचं बरंचसं वाचतं.

ऋतूच्या अंदाजाचं म्हणाल तर तो रब्बीसाठी वाचा, काढणीसाठी वाचू नका. काढणीला पाच दिवसांचा अंदाज बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार सल्ला निघतो, ताजा जरूर वाचा. हवामान खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो.

मोसंबीबाग (जालना) – १९ सप्टेंबर, दुपारी १२:२०

आभाळवही, तुमचा अभ्यास मान्य, पण शेतकऱ्याला याचा उपयोग कामून होत नाही ते सांगतो. "सरासरीपेक्षा जास्त पाऊस" असं सांगितलं की आमचा माणूस काय समजतो? माझ्या रानात जास्त. मागं एका साली असंच ऐकून मी बागेला ताण द्यायचं (पाणी तोडायचं) सोडलं, नंतर महिनाभर कोरडं. फळगळ झाली ती वेगळीच. असल्या अंदाजापेक्षा मुंग्या आणि टिटवीची अंडी बरी.

आभाळवही (परभणी) – १९ सप्टेंबर, दुपारी १:४५

मोसंबीबाग दादा, तुमचं दुखणं खरं आहे. त्या नकाशात रंग असतात ते शक्यतेचे. जास्त पावसाची शक्यता पन्नास टक्के दाखवली तर राहिलेल्या पन्नास टक्क्यांत सरासरी आणि कमी दोन्ही बसतात. हे टीव्हीवर कुणी सांगत नाही. अजून एक घोळ दरसाली होतो. सप्टेंबरच्या शेवटी ऑक्टोबर ते डिसेंबरचा अंदाज येतो, त्यात ईशान्य मान्सूनचा जो आकडा असतो तो तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा आणि दक्षिण कर्नाटकाचा. आपल्याकडं बातमी येते "परतीचा पाऊस जोरदार". तो आकडा मराठवाड्याचा नसतो.

आणि ला निना-एल निनोचं (प्रशांत महासागर गार झाला तर ला निना, तापला तर एल निनो) पण तसंच. एल निनोला आपण घाबरतो ते बरोबर आहे, २०१५ आणि २०२३ दोन्ही साली भोगलंय, २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. पण २०१९ ला ला निना नव्हता, तरी ऑक्टोबरअखेर पावसानं काढलेलं सोयाबीन कुजवलं, कारण त्या साली हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग जास्त तापलेला होता आणि अरबी समुद्रात एकामागं एक वादळं झाली. एका नावावर सगळं ठरत नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई) – १९ सप्टेंबर, दुपारी २:३०

मग नक्षत्रं खोटी म्हणता का?

आभाळवही (परभणी) – १९ सप्टेंबर, दुपारी ३:०२

अजिबात नाही. पावसाचं नक्षत्र म्हणजे सूर्य कुठं आहे ते, साधारण साडेतेरा दिवसांचा एक कप्पा. म्हणजे ते आपल्या वाडवडिलांचं कॅलेंडर आहे आणि चांद्र महिन्यासारखं ते पुढं-मागं सरकत नाही. हस्ताचा पाऊस म्हणजे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरचा पाऊस, आणि त्या टायमाला जोराचा पाऊस होतो हा शेकडो वर्षांचा अनुभव म्हणीत बसलाय. फक्त ते यंदाचं सांगत नाही, दरवर्षीचं सांगतं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक का गाढव याच्यावर मी पेरणी करणार नाही एवढंच.

हळदीचं रान (वसमत) – १९ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

शिवारवाट भाऊ, देवाला सांगून ठेवलंय, तुमची बनीम झाकेपर्यंत कळ काढ म्हणून. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हळदीला एक पाऊस द्यायचाच, कंद भरायला लागलेत 😀

शिवारवाट (औसा) – १९ सप्टेंबर, रात्री ८:१०

तुमचा पाऊस तुम्हाला मिळू द्या दादा, फक्त मांजरा ओलांडून इकडं नका पाठवू 😀

सीनाकाठची लेक (परांडा) – १९ सप्टेंबर, रात्री ११:२५

मी एरवी इथं लिहीत नाही, वाचते फक्त. पण परतीच्या पावसाचं नाव काढलं की २०२५ चा सप्टेंबर आठवतो.

माहेर माझं सीनेच्या काठाला. त्या रात्री भावाचा फोन आला तवा तो पत्र्यावर बसलेला होता, आईला वर घेतलेलं, खाली जनावरं. तो म्हणाला, दावी कापली ताई, पण काळोखात कुठं गेली ती दिसत नाहीत. दोन म्हशी आणि एक कालवड, सकाळी कालवड तेवढी उसाच्या फडात उभी सापडली, पोटापर्यंत गाळात. पीक गेलं त्याचं दुःख नंतर आलं. आठ दिवसांनी पाणी उतरल्यावर मी गेले, दादा मला बांधावर घेऊन गेला आणि काहीच बोलला नाही. काळी माती होती तिथं मुरूम उघडा पडलेला. आमच्या आज्यानं गाडीगाडीनं तळ्यातला गाळ आणून भरलेलं रान होतं ते. सोयाबीन पुढच्या साली येतं, माती कुठून आणायची.

त्याच दिवसांत पैठणहून ३ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलेलं, खाली गोदाकाठच्या लोकांचे पण तसेच हाल. म्हणून सांगते, नदीकाठच्यांनी फक्त आपल्या आभाळाकडं बघू नये. आमच्याकडं त्या रात्री पाऊस थांबला होता, पाणी वरून आलं, नगरकडून.

गोदातीर (पैठण) – २० सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, वाचून गलबलून आलं. भाऊ आता कसा आहे? रान परत उभं राहिलं का?

सीनाकाठची लेक (परांडा) – २० सप्टेंबर, सकाळी १०:१५

बरा आहे. निम्म्या रानात गाळ भरून घेतला, तिथं यंदा उडीद झाला. निम्मं तसंच पडून आहे. म्हैस एक घेतली.

पुण्यातला नांदेडकर – २० सप्टेंबर, सकाळी ११:३०

आमची आई मुखेडजवळ एकटीच असते, कापूस वेचायला जाते. चारच्या आत घरी ये म्हणून रोज फोन करतो, ऐकत नाही. विजेचं काही कळतं का आधी?

तेरणाकाठ (धाराशिव) – २० सप्टेंबर, दुपारी १२:१०

दामिनी ॲप टाका तिच्या फोनवर, पुण्याच्या आयआयटीएमनं काढलेलं आहे. आपल्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरात वीज पडत असली तर दाखवतं. आणि तिला एकच सांगा, गडगडलं की झाडाखाली जायचं नाही. आपल्या बायका पटकन लिंबाखाली जमतात, तिथंच घात होतो.

एक मिलिमीटर (अहमदपूर) – २० सप्टेंबर, दुपारी ३:४०

पाऊस मोजायचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर झाला तर. आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक ११ किलोमीटरवर. एका रात्री आमच्या नाल्यानं दोन बांध फोडले आणि तिथं नोंद निघाली ४१. पंचनाम्याला आलेल्या माणसाशी किती वाद घातला, त्याचं एकच, कागदावर नाही.

तवापासून मी स्वतः मोजतो. गोडेतेलाचा पाच लिटरचा चौकोनी डबा, वरचं तोंड पूर्ण कापलेलं, बाजू सरळ पाहिजेत. उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, खाली दोन विटा. रोज सकाळी साडेआठला पोराची पट्टी आत उभी धरायची, जेवढे मिलिमीटर ओलं तेवढा पाऊस. डब्याचं तोंड लहान असो का मोठं, बाजू सरळ असल्या की आकडा तोच येतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकराला साधारण चार हजार लिटर. ६५ मिलिमीटर म्हणजे एका एकरावर २ लाख ६० हजार लिटर पाणी, हे कळल्यावर बांध का फुटतो ते कळतं. पाच वर्षांची वही आहे माझ्याकडं. सरकारी कामाला ती चालत नाही, पण हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते मी त्या वहीवरून ठरवतो.

मोसंबीबाग (जालना) – २० सप्टेंबर, सायंकाळी ५:२०

हे आवडलं. आजच डबा कापतो.

भाकरी-कडबा (कळंब) – २० सप्टेंबर, रात्री ९:००

शिवारवाटच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. सगळे सोयाबीनवरच अडकले.

मी म्हणेन ज्वारी. निदान दोन एकर तरी. हरभरा काढून पैसा येतो हे खरं, पण तुमच्या दारात दोन जनावरं असतील तर उन्हाळ्यात कडबा विकत घेताना तोच पैसा परत जातो. आमच्या गावात आता ज्वारी पेरणारी चारच घरं राहिलीत, काढायला बाया मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, सगळी कारणं खरी आहेत. तरी येळवसेला (मार्गशीर्ष अमावास्येला) रानात बसून बाजरीचे उंडे आणि आंबील खाताना भोवती कंबरेएवढी ज्वारी नसली तर सासूबाईंना गोड लागत नाही, आणि मलापण.

आभाळवही (परभणी) – २१ सप्टेंबर, सकाळी ८:२०

ताईंशी निम्मा सहमत. कोरडवाहू ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पडायला पाहिजे, फार लवकर पेरली तर खोडमाशी, उशीर झाला तर ओल उडून जाते. सोयाबीन २५ ला निघालं तरी रान मोकळं करून वाफसा (पेरणीजोगी ओल) यायला ऑक्टोबर लागतो, म्हणजे वेळ आहे पण तंग आहे. हरभऱ्याला जरा जास्त सवड मिळते. फक्त ऑक्टोबरच्या गरम ओल्या मातीत हरभरा मरतो, ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय बी टाकू नका.

आणि ऋतूचा अंदाज इथं कामाला येतो. ऑक्टोबर कोरडा जाण्याची शक्यता जास्त दिसली तर हस्ताच्या आतली ओल धरून खोल काळ्या रानात ज्वारी किंवा करडई, तिचं मूळ खोल जातं. ओला दिसला तर घाई न करता हरभरा. पण त्याहून खात्रीचं म्हणजे खुरप्यानं हातभर उकरून बघा. मूठ वळली तर ओल आहे. कुठल्याही नकाशापेक्षा हे तुमच्या रानाचं आहे.

भाकरी-कडबा (कळंब) – २१ सप्टेंबर, सकाळी ९:३०

निम्मं तर निम्मं. आणि घरचं बी असलं तर घटस्थापनेच्या घटात पण बघा, आम्ही वावरातली माती पत्रावळीवर पसरून पाच धान्यं टाकतो, नवव्या दिवशी कुठलं बी कसं आलं ते सासूबाई बोटानं मोजतात. देवाचं आहेच, पण बियाणं पण कळतं.

एक मिलिमीटर (अहमदपूर) – २१ सप्टेंबर, सकाळी १०:१०

त्याच्या जोडीला ओल्या पोत्यात मोजून १०० दाणे ठेवा. पुढच्या साली सोयाबीनचं घरचं बी ठेवणार असाल तर ७० उगवले पाहिजेत. आणि बियाण्याची मळणी करताना यंत्राचे फेरे ४०० च्या आसपास ठेवा, साल फुटली की उगवण गेली.

शिवारवाट (औसा) – २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. काल-आज दोनदा रान फिरलो. एक गोष्ट ध्यानात आली, आठ एकर एकसारखं नाहीच. माळाकडचं तीन एकर पूर्ण वाळलंय, शेंग दाबली की तडकते. खालचं पाच एकर अजून चार-पाच दिवस घेईल. मी उगा सगळ्याचा एकदम विचार करत होतो. उद्या वरचं तीन एकर धरतो, बारा माणसं सांगितलीत. बनीम देवळामागच्या माळावर.

तेरणाकाठ (धाराशिव) – २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

दगड आधी टाका. तुराट्या नसल्या तर माझ्याकडून घेऊन जावा, खरंच सांगतोय.

शिवारवाट (औसा) – २९ सप्टेंबर, रात्री १०:३०

उशिरा लिहायलोय. वरचं तीन एकर २४ ला बनीमीत गेलं. २५ ला शेजारच्या पोरानं सांगितलं की उपसागरात कमी दाब झालाय, विशाखापट्टणमच्या बाजूला. मग खालच्या पाच एकराला पहाटे पाचला बाया-माणसं मिळून बावीस जण लागलो, माझी बहीण सासरहून आली, तिच्या जावा आल्या. दोन दिवसांत साडेतीन एकर झालं. दीड राहिलं. २७ च्या रात्री पाऊस आला, हस्त लागला त्याच दिवशी. उभ्या दीड एकरात खालच्या शेंगांना आज कोंब दिसायलेत. बनीमीच्या चरातून पाणी वाहून गेलं, सकाळी मी हात खाली घालून बघितला, तुराट्या ओल्या पण सोयाबीन कोरडं.

एक मिलिमीटर, डबा लावला होता. ५८ भरला.

एक मिलिमीटर (अहमदपूर) – २९ सप्टेंबर, रात्री १०:४५

माझ्याकडं ३३. तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

हळदीचं रान (वसमत) – ३० सप्टेंबर, सकाळी ७:००

आमच्याकडं ४५ च्या आसपास झाला असंल. हळदीला लागला. तुमच्या दीड एकराचं वाईट वाटलं भाऊ.

भाकरी-कडबा (कळंब) – १० ऑक्टोबर, सकाळी ११:२०

शिवारवाट, रब्बीचं काय ठरलं शेवटी? चित्रा लागली.

शिवारवाट (औसा) – १० ऑक्टोबर, रात्री ८:३०

मळणी झाली, वरच्या तीन एकराचा माल पिवळाधमक निघाला, त्यातलं दोन क्विंटल बियाण्याला ठेवलंय. दीड एकराचं काळं पडलं, तेवढं डागी माल म्हणूनच जाणार. काल खुरप्यानं उकरलं, मूठ घट्ट वळायली. खालच्या खोल रानात दोन एकर ज्वारी काल तिफणीनं पेरली, आईनं ओटी भरून तिफणीला कुंकू लावलं. बाकी हरभरा, वाफसा आला की चार दिवसांत.

दुपारचं गडगडणं बंद झालंय. पहाटे गवतावर दव पडायलंय. आज सकाळी डबा बघितला तर आत नुसती धूळ होती आणि एक नाकतोडा.